काचेला चिकटलेला चेहरा

गिरजाच्या मधल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी कोर्टाने पडद्यावरचे फोटो पुराव्यातून बाद केले, कारण यंत्रं कुणाचाही चेहरा कुठेही बसवू लागली होती. चाले तो फक्त घरी छापलेला, शाईचं वय तपासता येणारा कागद. गिरजाकडे तसा एकच होता. त्यात तिचा दीर केरबा तिच्या नवऱ्याच्या पोटात सुरा खुपसत होता. फोटो विटू नये म्हणून तिने तो काचेखाली घट्ट दाबून ट्रंकेत ठेवला होता.

सुनावणीच्या आदल्या दुपारी केरबा वरवंटा घेऊन घरात शिरला.

“वहिनी, फोटो काढा.”

“उन्हात ठेवा की भाऊजी, सहा महिन्यांत तोंड उडेल तुमचं. तेवढी सवड नाही वाटतं?”

त्याने वरवंटा तिच्या डोक्यात घातला. मग ट्रंक उचकटून तसबीर फोडली आणि कागद ओरबाडून चुलीत टाकला. पण ओल धरून फोटो काचेला चिकटला होता. केरबाचं तोंड आणि सुऱ्याचा हात काचेच्या तुकड्यावरच राहिला. गिरजाने तो मुठीत आवळला. त्याने तिची बोटं ठेचली, तरी शेजारी धावून येईतो मूठ सुटली नाही.

दवाखान्यात मूठ उघडली, तेव्हा काचेवरचा चेहरा शाबूत होता.

गिरजा त्याच संध्याकाळी, आठ जूनला मेली. भावाच्या खुनासाठी केरबा पुढच्या चोवीस मार्चला फासावर मेला.