चौघांपुरता कॉन्चेर्टो

आप्पांनी साठ वादकांसाठी रचलेला तबल्याचा कॉन्चेर्टो त्यांच्या लेकीनं, मृदुलानं, आता चौघांपुरता बसवला होता. तबला आप्पाच वाजवणार होते. ते जाऊन वर्ष झालं, तरी तबल्यापुढे बसवलेल्या यंत्रहातांच्या मऊ बोटांत त्यांचा जन्मभराचा रियाज जपलेला होता. पण तालमीत तबल्याची जागा आली, की ते हात अधांतरी थांबून राहत.

"आप्पा रुसले की काय, ताई?" चेलोवाला ऑगस्टिन म्हणाला.

"इशाऱ्याची वाट बघताहेत. साठांच्या वाद्यवृंदात इशारा द्यायला संचालक असायचा, चौघांत तो कुठून आणू?" मृदुला म्हणाली.

यंत्रवाल्यांनी सुचवलं, थांबायची सवयच पुसून टाकू. मृदुला म्हणाली, "मग ते हात कुणाचेही होतील."

तिनं कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली आणि लहानपणी आप्पांच्या रियाजाला धरायची तो लेहरा धरला. तेच चार स्वर फिरून फिरून येत राहिले. हात अलगद तबल्यावर उतरले.

"फार संथ वाजवताहेत हो," ऑगस्टिन कुजबुजला. "लय चढवू या?"

मृदुलानं डोळे मिटले होते. लहानपणी पेटीवर तिची बोटं अडखळायची, तेव्हा आप्पा हीच लय ठेवायचे.

"तेच चढवतील," ती म्हणाली. "माझा हात बसला की."