पायरी घेतली?

"पाय?" गाडीच्या खिडकीतून डोकं काढून क्लिफर्डने विचारलं.

"वर घेतले," कॅरॅव्हॅनच्या मागून एनिड म्हणाली.

"गॅस?"

"बंद."

"छताची खिडकी?"

"लावली रे बाबा, लावली."

ही त्यांची जुनी प्रश्नोत्तरं. गाडीला कॅरॅव्हॅन जोडून निघायची वेळ झाली की क्लिफर्ड स्टिअरिंगवर बसून विचारी, आणि एनिड त्या चाकांवरच्या घराभोवती फिरून, तिच्या टेकूच्या पायांपासून छतापर्यंत एकेका वस्तूला हात लावून उत्तर देई. आजची ही शेवटची खेप होती. शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं.

झालं होतं असं, की सुट्टीसाठी या कॅरॅव्हॅनच्या मैदानावर आल्या दिवशी क्लिफर्डला कॅरॅव्हॅन काही केल्या जागेवर लावता येईना. मागे घेताना सगळं उलटं असतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं घर उजवीकडे निघतं. हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. पण या खेपेला मानेने दगा दिला. ती पूर्वीसारखी वळेना. शेजारपाजारची मंडळी रिवाजाप्रमाणे चहाचे मग घेऊन गंमत बघायला बाहेर आली. कॅरॅव्हॅन गाडीला काटकोनात येऊन अडकली, तसा शेजारचा नॉर्मन ओरडला, "क्लिफ, तुझं तोंड बघायला वळलीय रे ती!"

सगळे हसले. मग सगळ्यांनीच ती हाताने ढकलून जागेवर लावून दिली. एकटा क्लिफर्ड हसला नाही. "विकून टाकतो," तो म्हणाला, आणि संध्याकाळी एका गिऱ्हाइकाला फोनही केला. चारचौघांत बोललेला शब्द मागे घेणं त्याला कॅरॅव्हॅन मागे घेण्याहून अवघड.

मग आठवडाभर घासपूस चालली. "अपुरी वस्तू मी विकत नाही," क्लिफर्ड म्हणाला. "एक खिळा कमी असला तरी नाही." एनिडने मुकाट्याने कपाटं पुसली. एका दाराच्या आत मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्यांच्या शेजारी नातवंडांच्या. तिचं फडकं तेवढी जागा टाळून गेलं.

"एनिड! झोपलीस का? पायरी?"

दारासमोर ठेवायची हिरवी प्लॅस्टिकची पायरी एनिडच्या पायाशीच होती. पायरी विसरून जाणारे लोक दर मोसमात निघत. क्लिफर्ड त्यांना पोटभर हसे. तो स्वतः ती कधीच विसरला नव्हता.

आज मोसमाचा शेवटचा दिवस होता. दुपारी मैदानाचं फाटक बंद झालं, की ते थेट पुढच्या वर्षी ईस्टरला उघडणार.

एनिडने पायाने पायरी ढकलली. ती कुंपणाच्या झुडपात जाऊन दिसेनाशी झाली.

"घेतली," ती म्हणाली.

क्लिफर्डने डोकं आत घेतलं आणि गाडी सुरू केली.

वाटभर एनिड मांडीवरच्या रुमालाची घडी घालत आणि मोडत होती. क्लिफर्ड मात्र शीळ घालत होता. चहासाठी त्याने रस्त्याकडेला गाडी उभी केली, तेव्हा तिला राहवेना.

"क्लिफ, पायरी राहिली."

क्लिफर्डने थर्मासमधला चहा दोन मगांत ओतला. घड्याळ बघितलं. "फाटक बंद झालं असेल."

"हो."

"म्हणजे आता ईस्टरला."

"हो."

"मग गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवायला हवं. अपुरी वस्तू मी विकत नाही." त्याने मोठा सुस्कारा सोडला. सुस्कारा जरा जास्तच मोठा होता.

"रागावला नाहीस?" एनिडने बिचकत विचारलं.

क्लिफर्डने सँडविचचा घास घेतला. कॅरॅव्हॅनच्या पार मागपर्यंतचं दिसावं म्हणून गाडीच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्यांचे जादा आरसे लावले होते. आपल्याजवळच्या आरशावर त्याने बोटाने टिचकी मारली.

"मान वळत नाही, म्हणून हल्ली मी सगळं आरशात बघतो," तो म्हणाला. "एका लाथेत घातलीस गं झुडपात! मला वाटलं होतं, दोन तरी लागतील."