देवाची मूठ

भात टाकण्याआधी चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढताना बियाकी डावा हात पाठीमागे लपवायची. उजव्याने दिलेलं डाव्याला कळू नये, असं येशूनेच सांगितलंय ना!

“आई, ते शब्दशः घ्यायचं नसतं. दिल्याचा गवगवा करू नये, एवढाच अर्थ,” रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारी तिची सून रेमपुई दर वेळी हसायची.

“तू शिकव बाई अर्थ. मी आपली लिहिलंय तसं करते.”

मग पक्षाघाताने बियाकीचा उजवा हात गेला. ऐझॉलच्या इस्पितळातून आल्यापासून ती तांदळाच्या डब्यापाशी नुसती बसून राही.

“डाव्याने काढा की, आई.”

“डाव्याने दिलं तर डाव्याला कळणारच ना, अगं!” म्हातारीचे डोळे भरून आले. “माझं देणंच संपलं.”

या वेळी रेमपुई हसली नाही. तिने आपली शाल काढून सासूचा लुळा हात झाकला. “द्या आता. उजव्याला कळायचं नाही.”

“असं लिहिलंय कुठे?”

“अर्थ तोच आहे.”

बियाकीने डावा हात तांदळात घातला. शालीबाहेर एक बोट राहिलं होतं. मूठ वर यायच्या आत रेमपुईने ते घाईघाईने आत सारलं.