कंपनीतली तिसरी

“उद्या कंपनी बुडली तर माझं काय?” शिवांजलीनं सरळच विचारलं.

कुलदीप गडबडला. शेजारी त्याची आई उमादेवी बसली होती, कंपनीतली दुसरी भागीदार. तिनं मात्र मान डोलावली. “विचारू दे रे. पोरीनं सगळं विचारून घेतलेलं बरं.”

भूम गावचा खवा थंड गाडीतून थेट पुण्याच्या मिठाईवाल्यांना पोचवायचा, अशी ही कंपनी. ऑफिस घराच्याच पुढच्या खोलीत. आता नवी कंपनी म्हटल्यावर ती घरातूनच निघणार, त्यात नवल ते काय! नोकरीची खबर व्यंकटमामानं आणली होती. मामाच्या ओळखी जिल्हाभर.

शिवांजलीला ही नोकरी हवी होती, आणि अशीतशी नव्हे, अगदी जीव तोडून हवी होती. पुण्यातली नोकरी गेल्यापासून ती परंड्याला घरात अडकून पडली होती. उठता-बसता कुणी ना कुणी टोकायचं. गाडीची चावी भावाच्या खिशात. मैत्रिणीशी चार शब्द बोलायचे तर गच्चीवर जावं लागे. आणि वडलांनी, बब्रुवानांनी, तर सांगूनच टाकलं होतं, “दिवाळीपतूर नोकरी बघ. न्हाईतर मंग मी ठरवीन तिथं मुकाट उभं राहायचं.” कशाला, ते वेगळं सांगायला नको. तिचा जीव नुसता गुदमरून गेला होता.

तरी डोळे झाकून उडी मारणाऱ्यातली ती नव्हती. पुण्यातल्या तिच्या मैत्रिणीनं, अर्पितानं, अशाच एका नव्या कंपनीत हात पोळून घेतले होते. तिनं फोनवर बजावलं होतं, “नुसत्या पगाराला भुलू नको. हिस्सा माग. आणि आधीचं माणूस का गेलं, ते तर विचारच विचार.”

“सध्या किती जण आहात?” शिवांजलीनं विचारलं.

“आम्ही दोघंच,” कुलदीप म्हणाला. “तिसऱ्या तुम्ही.”

“माझ्याआधी कुणी होतं?”

कुलदीपनं आईकडं पाहिलं.

“होती एक. लातूरची,” उमादेवी म्हणाली. “वर्षाच्या आत गेली. तिला काय हे गाव मानवलं न्हाई.”

“काम जमत नव्हतं?”

“कामाला वाघ होती. जुळवून घेणं जमलं न्हाई.”

शिवांजलीला ते पटलं. एवढ्याशा कंपनीत जुळवून घ्यावंच लागतं.

“मला पगाराशिवाय हिस्सा पण हवा,” ती म्हणाली. “राबायचं मालकासारखं आणि मिळायचं नोकरासारखं, हे मला चालणार नाही.”

उमादेवी खळखळून हसली. “बघा, कशी बोलती! अगं, माझ्यामागं सगळं तुमचंच की!”

हे एवढ्या सहज पदरात पडेल असं शिवांजलीला वाटलं नव्हतं. तिला आणखी धीर आला.

“आणि मला सोडावंसं वाटलं तर? किती महिने आधी सांगायचं?”

बब्रुवान दारापाशी बसले होते, ते उगाच खाकरले. पोरीला एकटी कशी धाडायची म्हणून ते आणि मामा सोबत आले होते. मामानं त्यांच्या मांडीवर हळूच थाप मारली.

“ते मागाहून बघू,” उमादेवी म्हणाली. “यायच्या आधीच जायचं कशाला काढायचं?”

इथं मात्र शिवांजली अडखळली. अर्पिता असती तर इथूनच उठली असती. पण उठून जायचं कुठं? पुन्हा परंड्याला, त्याच गच्चीवर?

“ठीक आहे,” ती म्हणाली. “माझी तयारी आहे.”

“नक्की ना? मागाहून म्हणशील, घरच्यांनी गळ्यात मारलं.”

“छे! मी माझ्या मनानं सांगतेय. कुणाची जबरदस्ती नाही.”

उमादेवीनं तिला कुंकू लावलं, पेढा भरवला. शिवांजलीला एवढं मोकळं वाटलं की ती वाकून पाया पडली. बब्रुवानांनी डोळे पुसले. तिच्या नोकरीनं बाप असा हेलावलेला तिनं कधी पाहिला नव्हता. कसे का असेनात, आज ते तिच्या बाजूनं उभे राहिले होते.

मोठी माणसं चहाला बसली. थोड्या वेळानं ती अर्पिताला फोन लावायला अंगणात आली. घराच्या कोपऱ्यापलीकडं बब्रुवान आधीच फोनवर होते. आईशीच बोलत असणार, कारण आवाज नेहमीसारखा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. नोकरीची बातमी तेच सांगतायत म्हटल्यावर शिवांजली हसत तिथंच थांबली.

“अगं, ऐकतीस का? पोरगी दाखवाय न्यायची म्हणलं असतं तर आली असती व्हय ती? झाली पसंती! पोराच्या पैल्या बायकूचंबी हिनंच विचारून घेतलं, आन् समद्यांच्या म्होरं आपल्या तोंडानं व्हय म्हणली.”