चाळीस खुर्च्यांचं केंद्र

"मानवतेला सीमा नसतात!" संस्थेच्या अध्यक्षांनी पेपरला पाठवायच्या खुलाशाचं पहिलं वाक्य सांगितलं आणि कागद उडतात म्हणून पंखा बंद करायला लावला. मग त्यांनी मलावी देशातल्या शिवणकेंद्रात फोन लावला.

"रेडकर, पेपरात आलंय, आपल्या तिकडच्या केंद्रात तुम्ही एकटेच असता. मी खुलाशात चाळीस कार्यकर्ते लिहितोय. खाली तुमची सही हवी."

"साहेब, खुर्च्या चाळीस आहेत. मी रोज वेगळ्या खुर्चीत बसतो."

"हे त्या बातमीदार मुलीला सांगितलं कुणी?"

"मीच. दोन दिवस राहिली होती. वालाची उसळ केली तिच्यासाठी. चार वर्षांनी कुणाशी मराठीत बोलत होतो, साहेब. तोंड थांबेचना."

"अहो, ती आपली अब्रू काढायला आली होती!"

"हो, आल्या आल्या तसं म्हणाली होती. पण उसळ दोनदा घेतली."

रेडकरांना याआधी कधी फोन केल्याचं अध्यक्षांना आठवेना.

"सही करतो," रेडकर म्हणाले. "फक्त खुलासा जरा जास्तच खोटा लिहा. म्हणजे तपासायला ती पुन्हा येईल."