मस्टच्या पुढचा टू

"परत टू! हा टू आणतेस तरी कुठून तू?" इनायातबाईंनी कपाळावर हात मारला. "आय मस्ट गो. मस्टच्या पुढे टू लावायचा नाही. म्हण."

"आय मस्ट टू गो," इश्राक म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

बाकीच्या पाचजणी खुदखुदल्या. खाली फैसल रस्त्यावर मायक्रोबसवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. बाईंनी खडू ठेवला.

"ऐका ग. माझा नवरा भांडी घासू शकतो. हे झालं कॅन. त्याने ती घासलीच पाहिजेत, हे झालं मस्ट. तीस वर्षं झाली, गडी कॅनवरच अडलाय. कळला फरक?"

हशा पिकला. इश्राकही हसली, जरा उशिरा. डाव्या कानाने तिला कमी ऐकू यायचं, म्हणून बाई नेहमी तिच्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहायच्या. लग्नानंतर सर्दी कानात उतरली, असं तिने आईला सांगितलं होतं.

वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"दोनदा नापास झालीस, पोरी. घरून लिहून आणतेस त्यात काना-मात्रेची चूक नसते. मग परीक्षेत काय होतं ग तुला?"

"घाबरते, बाई."

"आता घाबरायला सवड नाही."

ते इश्राकलाही ठाऊक होतं. लढाईमुळे येमेनमधलं तैझ सोडून ती आणि तिची आई साबरिया कैरोत आल्या, त्याला चार वर्षं झाली होती. वडील तिकडेच वारले. मग इंग्लंडमधल्या शेफील्डहून मुतह्हरचं स्थळ आलं. तो आला, लग्न लावलं, बारा दिवस राहिला आणि परत गेला. बायकोने त्याच्याकडे जायचं तर तिला इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागणार होती.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्याचा फोन आला होता. इश्राकने तो उजव्या कानाला लावला, तरी त्याचा आवाज आईपर्यंत पोचत होता.

"लोक हसतात मला! कसली ठोंबी पदरात पडली म्हणतात. आता एकच संधी. तिसऱ्यांदा नापास झालीस तर फारकत. मशिदीत चारचौघांत शब्द दिलाय मी, मागे घेणार नाही."

साबरियाने जमिनीवर बसकण मारली. "फारकत घेतलेली पोर घेऊन परक्या मुलखात मी कुठे जाऊ? या रब, कुठे जाऊ?" तिचं रडणं ऐकून शेजारीण धावत आली.

इश्राक रडली नाही. ती आत गेली आणि तिने पुस्तक उघडलं.

त्या दिवसापासून तिने तहानभूक सोडली. पहाटेच्या बांगेबरोबर उठायची. कॅन, मे, मस्ट, शुड. जुन्या प्रश्नपत्रिका मिळतील तेवढ्या तिने गोळा केल्या. प्रत्येकीत चाळीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर. अंदाजपंचे खुणा करून भागणार नव्हतं. अंदाज कधी कुठे लागेल, याचा नेम नसतो. बरोबर उत्तर कुठलं, हे पक्कं माहीत हवं.

"दोन घास खा ग," आई म्हणायची. "हाडं दिसायला लागली तुझी."

"परीक्षा होऊ दे, उम्मी. मग पोटभर खाईन."

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला ओकाऱ्या झाल्या. साबरियाने तिच्या डोक्यावर हात ठेवून कुराणातल्या आयता म्हटल्या. मग मधात न्हालेली पदरांची रोटी करून ती डब्यात भरली आणि एकटीच मुतह्हरच्या थोरल्या भावाकडे, फुआदकडे जाऊन आली. परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"उद्या फुआद स्वतः येणार आहेत तुला न्यायला," ती म्हणाली. "आता झोप शांत."

सकाळी फुआद गाडी घेऊन आला. वाटेत तो एवढंच बोलला, "घाबरायचं कारण नाही. नाव तेवढं नीट लिही. बाकी अल्ला आहे."

परीक्षेच्या जागी दारातल्या अधिकाऱ्याशी त्याची ओळख निघाली. दोघं गालाला गाल लावून भेटले. इश्राक आत जाऊन बसली.

तिने पेन्सिल उचलली. या खेपेला चूक करून चालणार नव्हतं. प्रत्येक प्रश्न ती दोनदा वाचत होती, बरोबर उत्तरावर क्षणभर बोट ठेवत होती आणि मग खूण करत होती. चाळीस झाले तरी वेळ उरला. तिने पुन्हा पहिल्यापासून तपासलं. दोन ठिकाणी हात घसरला होता. त्या खुणा खोडून तिने दुरुस्त केल्या.

बाहेर इनायातबाई उन्हात ताटकळत उभ्या होत्या. "कसा गेला?"

"या वेळी खात्री आहे, बाई," इश्राक म्हणाली आणि हसली. तिला असं हसताना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. घरी जाऊन तिने दोन ताटल्या भात खाल्ला.

नवव्या दिवशी दुपारी जिन्यातच फुआदचा आवाज आला. "साबरियाताई, तोंड गोड करा!"

साबरियाने अशी किलकारी दिली की सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. शेजारणी आल्या. कुणी सरबत आणलं. बाई धापा टाकत जिना चढून आल्या आणि त्यांनी इश्राकला पोटाशी धरलं. "चाळीसपैकी अडतीस! अग, माझ्या वर्गात आजवर कुणाला पडले नाहीत एवढे!"

फोनवर मुतह्हर ओरडून सांगत होता की पुढच्याच महिन्यात तिला बोलावून घेतो.

इश्राकने निकालाचा कागद हातात घेतला. फोटो तिचा होता. क्रमांकही तिचाच होता. ती पुन्हा पुन्हा तेच आकडे वाचत राहिली. आई तिच्या तोंडात मिठाई कोंबत होती. इश्राकचं तोंड उघडंच राहिलं.

चाळीसच्या चाळीस उत्तरं तिने ठरवून चुकीची दिली होती.