उसना वर्ग

"समिती जिन्यात आली," शिपाई कुजबुजला, तेव्हा इतिहासाच्या वर्गात कॉम्प्युटरची पोरं दाटीवाटीनं बसली होती. इतिहासाला यंदा एकही प्रवेश नव्हता. तपासणीत विभाग वाचावा म्हणून प्राचार्यांनीच ती उसनी आणून बसवली होती. धायगुडे सरांनी मान खाली घालूनच फळ्यावर तारीख लिहिली.

समितीतल्या बाईंनी पहिल्याच बाकावरच्या मुलीला उठवलं. "इतिहास कशासाठी शिकतेस?"

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. पढवलेलं उत्तर ही विसरली तर?

"आमचं गाव धरणात गेलं, मॅडम. आजोबा होते तोवर देऊळ कुठं, चावडी कुठं, सांगायचे. आता कुणाला विचारायचं? ते शोधता यावं म्हणून."

बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. समिती पुढे गेली तशी पोरं बॅगा उचलून पळाली. ती मात्र बाक सरळ करत मागे राहिली.

सरांना राहवेना. "अगं, एवढं मनात होतं, तर इतिहासाला का नाही आलीस?"

"आले होते की, सर. प्रवेशाच्या टेबलावर तुम्हीच बसला होतात. 'यात काय ठेवलंय पोरी, कॉम्प्युटर घे,' म्हणालात."